‘ट्रॅफिक तिकीट एन-४०० वर लिहायचे नसते’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत ग्रीन कार्डावर ५ वर्षे काढून नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक सल्ला एका व्हॉट्सॲप गटातून दुसऱ्या गटात सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ट्रॅफिक तिकीट, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल पोलिसाने हातात दिलेला दंडाचा कागद, हा काही गुन्हा नव्हे, त्यामुळे एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जातील अटकेच्या प्रश्नाला बेलाशक ‘नाही’ लिहावे; ५०० डॉलरच्या आतला दंड सरकार मोजतच नाही; ५ वर्षांपूर्वीचे काही विचारत नाहीत; दंड भरला किंवा नोंद पुसून घेतली की विषय संपला; आणि उगाच ‘हो’ लिहिले तर अर्ज रखडतो नाहीतर फेटाळला जातो. असा सल्ला देणारे बहुतेक जण स्वतः तसेच लिहून सुखरूप नागरिक झालेले असतात, म्हणून तो ऐकणाऱ्याला खराही वाटतो. मी स्वतः या अर्जातून गेलो आहे, ओळखीच्या अनेकांचे अर्ज भरताना त्यांच्या शेजारी बसलो आहे, आणि हा सल्ला निरुपद्रवी गोष्टीचे रूपांतर खऱ्या संकटात करू शकतो असे माझे ठाम मत आहे. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

‘तिकीट म्हणजे गुन्हा नव्हे, म्हणून उत्तर नाही.’ या विधानात अर्जाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. अर्जातील प्रश्न केवळ गुन्ह्याचा नाही. पोलीस, लष्करी किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्याने तुम्हाला कधीही, कोणत्याही कारणाने अटक केली, ‘साइट’ केले (म्हणजे नियमभंगाची लेखी नोटीस दिली) किंवा ताब्यात घेतले आहे का, असे तेथे विचारलेले आहे. यातील अटक हा शब्द डोळ्यांत भरतो आणि त्याच्या लगत असलेला ‘सायटेड’ हा शब्द वाचताना सहज निसटतो, पण सगळे प्रकरण त्या एका शब्दावर उभे आहे. फ्लोरिडात वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल हातात मिळणाऱ्या कागदाचे नावच ‘युनिफॉर्म ट्रॅफिक सायटेशन’ असे आहे. जॉर्जियात त्याच नावापुढे ‘समन्स अँड ॲक्युझेशन’ हे शब्द जोडलेले असतात. ज्याच्या मोटारीच्या खिडकीशी येऊन अधिकाऱ्याने सायटेशन असे छापलेला कागद हातात ठेवला, त्या माणसाने आपल्याला कधी ‘साइट’ केले नाही असे लिहिणे हे सरळ सरळ चुकीचे उत्तर आहे. काचेवर लावलेली पार्किंगची पावती किंवा सिग्नलच्या कॅमेऱ्याने वाहनमालकाच्या पत्त्यावर धाडलेली नोटीस ही मी या रांगेत बसवत नाही, कारण तेथे कोणी अधिकारी तुम्हाला थांबवत नाही; तरीही मनात शंका असेल तर लिहून मोकळे होण्यात काही तोटा नाही.

शिवाय तिकीट म्हणजे गुन्हा नव्हे, हे तरी सर्वत्र खरे आहे का? व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गाडी गेली, किंवा त्या रस्त्याच्या मर्यादेपेक्षा वेग २० मैलांनी वाढला, तर ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’, म्हणजे बेदरकार वाहन चालवणे, ठरते. म्हणजे ७० ची पाटी असलेल्या महामार्गावर ८६ ने जाणारा माणूस आपण मर्यादेपेक्षा फक्त १६ मैल पुढे आहोत असे समजत असतो, आणि कायद्याने त्याच्यावर पहिल्या वर्गाचा ‘मिसडिमीनर’, म्हणजे १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकणारा फौजदारी आरोप लागू झालेला असतो. त्याच्या हाताला बेड्या पडत नाहीत, तो रस्त्याच्या कडेला सही करून त्याच गाडीतून घरी जातो, आणि त्यामुळे हे प्रकरण त्याला ‘एक तिकीट’ म्हणूनच आठवते. जॉर्जियात तर वाहतुकीचे बहुतेक नियमभंग मिसडिमीनर या सदरातच मोडतात. याच्या अगदी उलट, न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणे हा राज्याच्या कायद्याने गुन्हा नसून वाहतुकीचा नियमभंग मानला जातो, आणि विस्कॉन्सिनमध्ये अशा पहिल्या प्रसंगाला दिवाणी दंड असतो. त्या राज्यांतील आपली माणसे म्हणूनच ‘आमच्याकडे हा गुन्हाच नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. पण नागरिकत्वाचा अर्ज संघराज्याच्या कायद्याने तपासला जातो आणि राज्याने त्या कृत्यावर कोणती चिठ्ठी लावली यावर तपासणी थांबत नाही.

‘५०० डॉलरच्या आतले मोजत नाहीत.’ हे विधान हवेतून आलेले नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त फसवते. एन-४०० सोबत जोडायच्या कागदपत्रांविषयी वर्षानुवर्षे देण्यात आलेली सूचना अशी आहे की वाहतुकीच्या प्रसंगात प्रत्यक्ष अटक झाली नसेल, दारूचा किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, आणि शिक्षा म्हणून केवळ ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा परवान्यावर नियमभंगाचे गुण (‘पॉइंट्स’) लागले असतील, तर त्या प्रसंगाची कागदपत्रे जोडण्याची गरज नाही. सवलत आहे ती कागदपत्रे जोडण्यापुरती. प्रश्नाचे उत्तर बदलण्याची मुभा त्या सूचनेत कोठेही दिलेली नाही. जोडपत्र नको आणि उल्लेख नको, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फिरत्या सल्ल्यात नेमका तोच गाळला जातो. त्यातही सूचनेतील तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. दंड ३०० डॉलरच असला तरी प्रकरण दारूचे असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडावीच लागते. दंडाबरोबर प्रोबेशन, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली अटी पाळण्याचा काळ, किंवा समाजसेवेचे तास लावलेले असतील, तर शिक्षा केवळ दंडाची उरत नाही.

‘५ वर्षांपूर्वीचे विचारत नाहीत.’ विचारतात. अर्जाच्या प्रश्नात ‘कधीही’ हा शब्द ठळक मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. ५ वर्षांचा काळ, किंवा अमेरिकी नागरिकाच्या जोडीदारासाठी ३ वर्षांचा काळ, हा नागरिकत्वासाठी लागणारे चांगले नैतिक चारित्र्य सिद्ध करण्याचा कायदेशीर कालावधी आहे; पण त्याआधीचे वर्तन विचारात घेता येते असे इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम ३१६ मध्येच लिहिलेले आहे. १० वर्षांपूर्वीच्या एका वेगाच्या तिकिटाने अर्ज बुडणार नाही हे खरे, पण ते न लिहिण्याला हे कारण होऊ शकत नाही.

‘दंड भरला, नोंद पुसली, विषय संपला.’ नोंद पुसून घेतल्याबद्दल अर्ज स्वतःच बोलतो: नोंद सीलबंद झाली असेल, पुसली गेली असेल, किंवा न्यायाधीशाने, पोलिसाने वा वकिलाने ‘आता तुमच्या नावावर काही नाही’ असे सांगितले असेल, तरीही माहिती द्यावी लागते. दंड भरण्याची बाजू मात्र अधिक नाजूक आहे आणि तिच्याकडे आपल्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही. जॉर्जियाच्या न्यायालयांत दंडाची रक्कम एकदम भरता येत नसेल तर ती हप्त्याने भरण्यासाठी माणसाला प्रोबेशनवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. त्या माणसाला हे फक्त हप्ते वाटतात. पण प्रोबेशन चालू असताना नागरिकत्वाचा अर्ज मंजूर करता येत नाही, हा संघराज्याचा स्पष्ट नियम आहे. प्रोबेशन संपल्यावर ते पूर्वी होते एवढ्याच कारणाने अर्ज नाकारला जात नाही, म्हणजे थोडे थांबून अर्ज केला असता तर अडचणच आली नसती. तसेच न भरलेले तिकीट आणि चुकवलेली तारीख: राज्य सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसाचे जुने तिकीट मागे पडते, न्यायालय हजर न राहिल्याबद्दल वॉरंट काढते किंवा परवाना निलंबित होतो, आणि मूळ ९० डॉलरच्या प्रकरणापेक्षा निलंबित परवान्यावर गाडी चालवल्याचा आरोप किती तरी जड निघतो.

आता सर्वांत जास्त भीती घालणारे विधान: ‘हो लिहिले की अर्ज फेटाळतात.’ साध्या दोन-तीन तिकिटांवरून अर्ज फेटाळला जाईल ही भीती अनाठायी आहे. मात्र ‘ट्रॅफिकचे कोणी पाहतच नाही’ हे दुसरे टोकही आता धरून चालणार नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या संघराज्याच्या खात्याने, चारित्र्याच्या तपासणीविषयी एक धोरणपत्र काढले आणि त्यात अधिकाऱ्यांनी अर्जदाराचे वर्तन समग्रपणे तोलावे असे सांगताना, बेदरकार किंवा सवयीने केलेले वाहतुकीचे नियमभंग हे प्रतिकूल वर्तनाचे उदाहरण म्हणून नाव घेऊन दिले. त्याच पत्रात कुटुंबाची जबाबदारी, स्थिर नोकरी, शिक्षण, कर वेळेवर भरणे, समाजातील सहभाग या अनुकूल गोष्टीही मोजायला सांगितल्या आहेत. ६ वर्षांत दोन तिकिटे आणि १८ महिन्यांत सात तिकिटे यांत आता फरक केला जाईल, आणि ज्याची दुसऱ्या प्रकारची स्थिती असेल त्याने अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे असे मी आग्रहाने म्हणेन.

दारूची गोष्ट वेगळी आणि फार गंभीर आहे. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी ॲटर्नी जनरलने, म्हणजे संघराज्याच्या न्याय खात्याच्या प्रमुखाने, कास्तियो-पेरेझ प्रकरणात असा निर्णय दिला की संबंधित काळात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोन किंवा अधिक वेळा दोषी ठरलेल्या माणसाचे चारित्र्य चांगले नाही असे गृहीत धरले जाईल. ते गृहीतक खोडून काढता येते, पण त्याचा भार अर्जदारावर पडतो, आणि केवळ नंतर सुधारलो एवढे दाखवणे त्याला पुरत नाही. हा निर्णय देशातून काढण्याच्या प्रक्रियेतील असला तरी यूएससीआयएसने तो नागरिकत्वाच्या अर्जांनाही लावला आहे. मेजवानीहून परतताना घडलेल्या दोन प्रसंगांना ‘ट्रॅफिकची जुनी भानगड’ म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावे.

राहिला तो सल्ल्याचा न बोललेला आधार: त्यांना कळणारच नाही. साध्या तिकिटाच्या वेळी बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे ते एफबीआयच्या तपासणीत बहुधा दिसत नाही, इथपर्यंत हे खरे आहे. पण राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे आणि न्यायालयाकडे नोंद असते. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची हा न्याय शपथेवर दिलेल्या उत्तराला लागू पडत नाही. नागरिकत्वाचा लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटे सांगणे हे चारित्र्याच्या अटीआड येते, आणि ते खोटे महत्त्वाच्या गोष्टीविषयीच असायला हवे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कुंगीस खटल्यात स्पष्ट केले. ज्या तिकिटाने अर्जाला धक्काही लागला नसता, ते लपवल्याने लागू शकतो. त्याच निर्णयात दिलासाही आहे: फसवण्याचा हेतू असावा लागतो, खरोखर विसरलेले तिकीट हे खोटी साक्ष ठरत नाही.

माझ्या अर्जात दोन तिकिटे होती, एक वेगाचे आणि एक थांब्याच्या पाटीवर पूर्ण न थांबल्याचे. मी मोटार वाहन खात्याकडून माझी वाहन चालवण्याची नोंद आधीच मागवली होती. काही राज्यांत ती थोड्या वर्षांची आणि संपूर्ण अशा दोन प्रकारची मिळते, तेव्हा संपूर्ण मागवावी. अर्जातील तक्त्यात तारीख, ठिकाण, कारण आणि ‘दंड भरला’ एवढे लिहिले. मुलाखतीच्या दिवशी उजवा हात वर करून शपथ घेतली, अधिकारीबाईंनी पाने उलटत त्या प्रश्नावर बोट ठेवले आणि विचारले, याशिवाय काही? मी नाही म्हणालो. दोन्ही दंड भरले ना? हो. भरल्याच्या पावत्या मी पुढे केल्या, त्यांनी त्या पाहून परत दिल्या, आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. ज्याने आधी ‘नाही’ लिहून अर्ज पाठवला आहे त्यालाही वाट बंद झालेली नाही: मुलाखतीत शपथ झाल्याबरोबर, प्रश्न येण्याची वाट न पाहता, या उत्तरात दुरुस्ती करायची आहे असे स्वतःहून सांगावे.

मुलाखत झाली म्हणजे हा प्रश्न मागे पडला असेही नाही. शपथविधीची सूचना एन-४४५ या अर्जाच्या रूपाने येते आणि त्याच्या मागील बाजूचे प्रश्न समारंभाच्या दिवशीच भरून द्यायचे असतात. त्यात मुलाखतीनंतर तुम्हाला अटक, सायटेशन किंवा दंड झाला आहे का असे पुन्हा विचारलेले आहे आणि ‘वाहतुकीच्या नियमभंगांसह’ हे शब्द त्या प्रश्नातच लिहिलेले आहेत. मुलाखत आणि शपथ यांच्यामधल्या आठवड्यांत तिकीट मिळाले असेल, तर तेथे ‘हो’ लिहावे आणि दंडाची पावती सोबत घेऊन जावी.