वखार कुठे आहे हो?

माझ्या मित्राला इतिहासाचं वेड आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही रत्नागिरीहून राजापूरला गेलो. एसटी थेट गावात सोडते. पण मित्राला रेल्वेच हवी. राजापूर रोड स्टेशनवर उतरल्यावर राजापूर अजून बरंच लांब असतं, हे त्याला तिथे रिक्षावाल्याने सांगितलं. भाडंही सांगितलं.

रिक्षात मला अख्खं सतरावं शतक ऐकावं लागलं. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपलं निशाण लावून गडावर तोफा डागायला गेले. लगेच १६६१ मध्ये महाराज राजापुरात उतरले, वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासकट साहेबांना कैद करून नेलं. "सगळे सुटायला १६६३ उजाडलं!" हे मित्र इतक्या समाधानाने म्हणाला, की रिक्षावाल्यानेही मान डोलावली.

बेत सुटसुटीत होता: अर्जुना नदीच्या काठची जुनी पेठ, वखारीची जागा, जेवण, परत. जवाहर चौकाजवळ एका दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. मित्राने विचारलं, "आजोबा, इंग्रजांची वखार कुठे आहे हो?"

"तुम्ही कुठले?"

"रत्नागिरीचे."

"ते झालं. मूळचे कुठले?"

आपल्याकडे आडनाव, मूळ गाव आणि आजोळ लागल्याशिवाय कोणी डावं-उजवं सांगत नाही. मित्राचं आजोळ लांज्याकडचं निघालं. आजोबांच्या चुलतसुनेचं माहेरही लांज्याचंच. "म्हणजे घरचेच की!" आजोबा उठले. इथे आमची सहल संपली. परक्याला एखादे वेळी वखार दाखवतील, घरच्या माणसाला चहाच पाजतात. महाराजांना वखार बिनचूक सापडली, याचं कारण माझ्या मते एवढंच, की त्यांना आजोळ विचारायची कोणाची छाती झाली नाही.

चहा झाला, पोहे झाले. मित्राने नेटाने बंदराचा विषय काढला. एकेकाळी खाडीतून गलबतं पार गावापर्यंत यायची, मग गाळ साचत गेला, वगैरे. आजोबांना गलबतांत रस नव्हता. त्यांनी भिंतीवर छातीच्या उंचीला हात टेकवला. "पाणी इथवर!" अर्जुना आणि कोदवली या नद्या चढल्या की चौकात पूर येतो. मग कोणत्या पुरात कोणाच्या दुकानातलं काय वाहून गेलं, हे सगळं तपशीलवार झालं. वही घेऊन लिहीत बसलेला मित्र पाहून त्यांना आणखी आठवू लागलं. मध्येच शेजारच्या दुकानातून राजापुरी पंचे मागवले गेले. घरचे असल्यामुळे घासाघीस करता आली नाही.

जेवण तिथेच झालं. मग आजोबा वामकुक्षीला गेले आणि आमच्यासाठीही चटया टाकल्या. मी झोपलो. मित्र माडीच्या खिडकीतून वखार दिसते का बघत राहिला.

उठलो तेव्हा परतीची गाडी गाठायची वेळ झाली होती.

"वखार राहिलीच," मित्र कळवळून म्हणाला.

"राहू दे की. उन्हाळे गावात गंगा आली, की या चार दिवस राहायला. तेव्हा सावकाश बघू."

राजापूरची गंगा, म्हणजे जमिनीतून आपोआप वाहू लागणारे झरे, साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण येते ती स्वतःच्या मर्जीने. कधी लवकर, कधी उशिरा, आधी कोणाला न कळवता. मित्राने खिशातून डायरी काढली आणि कोणत्या तारखेला लिहू म्हणून मला विचारलं.