५३५६ घ्या अन् काहीही जोडा? थांबा भाऊ!

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय: “ॲल्युमिनियमला ५३५६ वायर सगळीकडे चालते. ४०४३ कमजोर. वायर संपली तर त्याच पत्र्याची पट्टी कापून भरा, जोड एकजीव होतो. काळी पूड आली तर वायर डुप्लिकेट.”

५३५६ आणि ४०४३ म्हणजे ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये जोड भरायच्या वायरचे नंबर. आधी पट्टीचं बघू, जास्त माल त्यानंच वाया जातो. ६०६१ नंबरच्या ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम साधारण १ टक्का आणि सिलिकॉन ०.६ टक्के. गोठताना तडा जायला याहून सोयीचं मिश्रण शोधून सापडणार नाही. त्याचीच पट्टी भरली की जोड थंड होता होता मधोमध उभा तडा जातो. ४०४३ मध्ये ५ टक्के सिलिकॉन असतं, ५३५६ मध्ये ५ टक्के मॅग्नेशियम. दोन्हींपैकी कुठलीही वायर पुरेशी पडली की जोडातलं प्रमाण बदलतं आणि तडा टळतो. टिग वेल्डिंगवर वायर न भरता नुसत्या कडा वितळवून चिकटवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. जोडाच्या शेवटी पडणारा खड्डा न भरता टॉर्च उचलणाऱ्यांनीही.

ताकदीचं म्हणाल तर फिलेट जोडात (दोन पत्र्यांच्या कोपऱ्यात भरलेल्या) ५३५६ सरस, वाद नाही. पण ६०६१-टी६ चा, म्हणजे उष्णतेनं कडक केलेल्या ६०६१ चा, बट जोड (कडेला कड लावलेला) बहुतेकदा शेजारच्या, उष्णतेनं मऊ पडलेल्या भागात तुटतो. तिथं वायर काय करणार?

‘सगळीकडे’ हा शब्द मात्र साफ चुकीचा. वस्तू कायम ६५ अंशांवर तापणार असेल, तर ५३५६ चा जोड ताण आणि गंज मिळून तडकू शकतो. आपल्या मे महिन्याच्या हवेचा हा आकडा नाही, धातूच्या तापमानाचा आहे. गरम तेलाची टाकी, इंजिनाजवळचा पाइप अशा कामाला ४०४३ घ्या. सिलिकॉनवाल्या ओतीव पार्टलाही तीच, नाहीतर जास्त सिलिकॉनची ४०४७ वायर. याउलट जास्त मॅग्नेशियमच्या ५०८३ पत्र्यावर ४०४३ लावली तर जोड ठिसूळ होतो. ६०६३ ॲल्युमिनियमची रेलिंग अ‍ॅनोडाइझ करायची (विजेनं वर ऑक्साइडचा थर चढवायचा) असेल तरी ५३५६ च. ४०४३ चा जोड काळपट राखाडी उठून दिसतो आणि गिऱ्हाईक बिल अडवतं.

काळी पूड? ती ५३५६ मधल्या मॅग्नेशियमच्या वाफेची. स्टेनलेसच्या ब्रशनं निघते.

भंगारातला तुकडा ७०७५ नंबरच्या ॲल्युमिनियमचा निघाला, तर मात्र यातली कुठलीच वायर कामाची नाही.