तुरुंगातला ‘राजा’ म्हणे!

भाच्याने एक फॉरवर्ड पाठवलाय, खाली स्वतःचा शेरा: ‘मामा, याला म्हणतात दम.’ पोरगा सोळाचा, म्हणून हा खटाटोप. गोष्ट अशी: लॉस एंजेलिसच्या गल्लीतल्या टोळीचा पोरगा कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात जातो, पहिल्याच आठवड्यात तिथल्या सगळ्यात दांडग्या कैद्याला लोळवतो आणि ‘मेक्सिकन माफिया’ नावाच्या तिथल्या तुरुंगी टोळीचा राजा होतो. वर पाच ‘धडे’: टोळी मेक्सिकोतून आलेली, शुद्ध रक्ताची; दम असेल तो राजा; ते कोठडीतून शहर चालवतात; त्यांचं मन मोठं; आणि भाऊ साथ सोडत नाहीत.

ही टोळी मेक्सिकोतून आली, हे सरळ खोटं. 1957 साली कॅलिफोर्नियातल्याच ट्रेसी इथल्या ड्युएल तुरुंगात ती सुरू झाली, लॉस एंजेलिसकडच्या पोरांनी केली. ‘शुद्ध रक्ता’चा धडा तर वाचवत नाही. टोळीचा सगळ्यात गाजलेला म्होरक्या जो मॉर्गन क्रोएशियन वंशाचा होता!

आता तो राजा. या टोळीत राजा नसतो. जे सदस्य आहेत त्यांचं मत सारखं धरलं जातं. नव्याला आत घ्यायचं तर जुना कुणीतरी त्याचं नाव पुढे करतो, बाकीचे मत देतात, आणि पोरगा कच्चा निघाला तर जबाब नाव सुचवणाऱ्याला द्यावा लागतो. मग कुणाला लोळवून कुठल्या गादीवर बसणार? वर चढायचं म्हणजे सांगितलं त्याला भोसकायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. याला दम म्हणायचं असेल तर म्हणा.

‘कोठडीतून शहर चालवतात’ हे मात्र, नाइलाजाने सांगतो, बरंचसं खरं आहे. पण का खरं आहे? डेव्हिड स्कारबेक या अभ्यासकाने 2014 सालच्या पुस्तकात याचा नीट छडा लावलाय. रस्त्यावर ड्रग्ज विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आज ना उद्या आपण आत जाणार, आणि आत गेल्यावर गाठ यांच्याशीच. म्हणून तो बाहेर असतानाच ‘टॅक्स’ भरतो. न भरणाऱ्या टोळीवर ‘ग्रीन लाइट’ लागतो, म्हणजे तिचा कुणीही पोरगा तुरुंगात दिसला की त्याच्यावर हल्ला. लॉस एंजेलिसच्या माराविया भागातल्या टोळ्यांनी टॅक्स नाकारला आणि हेच भोगलं. थोडक्यात, उधारीची वसुली. फक्त दुकान तुरुंगात.

1993 साली याच लोकांनी इलिझियन पार्कात टोळ्यांना गोळा करून चालत्या गाडीतून गोळीबार बंद करायला लावला, हेही खरं. पण फॉरवर्डवाल्याला यात ‘मोठं मन’ दिसलं! अहो, रस्त्यात मुलंबाळं मेली की पोलीस येतात, धंदा बसतो. खून करू नका असं कुणी म्हणालं नव्हतं. गाडीतून उतरून करा, एवढंच.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या धड्याने: ‘इथले भाऊ मरेपर्यंत साथ देतात.’ रेने एनरिकेझ घ्या. लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियाच्या गल्लीतली टोळी, मग दरोडे, तुरुंग, आणि 1985 च्या सुमारास माफियाचा सदस्य. फॉरवर्डमधला चढता आलेख हुबेहूब. 1991 साली लॉस एंजेलिसच्या जेलमध्ये, वकिलाला भेटायच्या खोलीत, त्याने आणि साथीदाराने ज्याला भोसकलं तो कोण होता? त्यांच्याच माफियाचा सदस्य. भाऊ.

आणि या ‘राजां’चा राजवाडा? पेलिकन बे, कॅलिफोर्नियातला कडक बंदोबस्ताचा तुरुंग. खिडकी नाही, दाराला भोकाभोकांचा पत्रा, दिवसाचे साडेबावीस तास एकटं. 2011 साली तिथे 500 हून जास्त कैदी दहा वर्षांपेक्षा अधिक काळ असे होते, त्यातले 78 वीस वर्षांहून जास्त. कैद्यांचीच म्हण होती: सुटा, फितूर व्हा किंवा मरा. अशी बेमुदत कोंडी कैद्यांच्या खटल्यातल्या 2015 च्या तडजोडीनंतर थांबली.

एनरिकेझने यातला दुसरा, फितुरीचा पर्याय घेतला. 2002 साली टोळी सोडली आणि जे ठाऊक होतं ते अधिकाऱ्यांना सांगितलं. 2014 साली पॅरोल मंडळ त्याला सोडायला राजी झालं. पुढच्याच वर्षी गव्हर्नरने ती सुटका अडवली.