खळखळाट फार

"दादा, कॅट काढला की गाडी उडते म्हणे?" हा प्रश्न दिसतो, पण नसतो. निर्णय झालेला असतो, माझ्याकडून फक्त अक्षता हव्या असतात. गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. तिला उडायचं असतं ते कोथरूड ते स्वारगेट, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

तर कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. छोट्या गाड्यांत तो बहुधा थेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना, चिकटलेला असतो. डब्याच्या आत सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, चौरस इंचाला साधारण चारशे ते सहाशे भोकं, आणि भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. घरातल्या कुणाच्या अंगावर नसतील इतके उंची धातू गाडीच्या पोटाखाली चिखल खात असतात. विषारी धूर आत जातो आणि त्यातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतो.

आता ऑपरेशन. सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे छिन्नी आणि पहार घालून जाळं फोडायचं, चुरा झटकायचा आणि रिकामा डबा परत बसवायचा. बाहेरून सगळं जिथल्या तिथे, आत पोकळ. ही सर्वांत वाईट पद्धत. अरुंद नळीतून वेगात आलेला धूर रुंद डब्यात शिरतो, पसरतो, भोवरे घेतो आणि पुन्हा अरुंद नळीत घुसायला धडपडतो. वर तो डबा घुमतो, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. बऱ्याच गाड्यांत दोन ते तीन हजार आरपीएमच्या दरम्यान, म्हणजे नेमका हायवेवर ज्या वेगाने तासभर जायचं त्या वेगाला, केबिनमध्ये एक घूंऽऽ सुरू होते. गाणी ऐकू येत नाहीत. मागच्या सीटवरच्या सासूबाई काय म्हणाल्या तेही ऐकू येत नाही. मला विचाराल तर या बदलाचा सिद्ध झालेला फायदा तेवढा एकच.

डबा कापून सरळ पाइप वेल्ड केला तर घूं कमी होते आणि पत्रा फाडल्यासारखी खरखर वाढते. आवाज मारण्याचं मुख्य काम सायलेन्सरचं हे खरं, पण ते जाळंही धुराचे ठोके बोथट करत असतं. ते गेलं की प्रत्येक ठोका धारदार होऊन बाहेर येतो. कान मेंदूला सांगतो, "काय पळतेय!" स्पीडोमीटर काही बोलत नाही.

आणि ताकद? वरच्या आरपीएमला एखाद-दोन अश्वशक्ती, तीही मिळाली तर. टर्बो गाडीला ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, ट्यूनिंगसह फरक पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपल्या हॅचबॅकमध्ये ईसीयूला कुणी विचारलेलंच नसतं. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. कॅट निरोगी असताना पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा नाचतो आणि मागचा ०.६-०.७ ला समाधी लावून बसतो. जाळं गेलं की मागचाही नाचू लागतो. ईसीयू दोघांचा नाच जुळलेला पाहतो, 'पी०४२०' हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड नोंदवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. मग तो दिवा विझवायला मागच्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून जरा दूर उचलणारा नळीचा तुकडा. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, वेल्डिंगला बारीक भोक राहिलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. ॲव्हरेज गेलं. पुन्हा गॅरेज.

पीयूसीचं तर विचारूच नका. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम या मर्यादेत पोकळ डबा बसणं कठीण. चांगल्या कॅटलाही तापायला लागतं, साधारण २५० ते ३०० अंशांना तो कामाला लागतो. म्हणून पीयूसीला गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून न्यावी, सोसायटीच्या गेटमधून थेट नेऊ नये.

पिकअप खरंच मेला असेल तर कॅट तुंबलाय का ते आधी मोजा. गरम इंजिनवर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेला तर तुंबलाय समजा. पण तुंबला का, तेही बघा. मिसफायर असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटायचं चुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये पेटतं आणि जाळं वितळतं. प्लग आणि कॉइल न बघता नवा कॅट टाकलात तर तोही वितळेल. सेन्सर परत बसवताना तिथे सिलिकॉन फासू नका, त्याने सेन्सर मरतो.

एक गोष्ट मात्र कुणीच विचारत नाही. मारुती ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या मध्यंतरी गाजल्या. रात्री गाडीखाली शिरून, अंग खरचटून घेऊन ते चोर जे नेत होते ती हीच जाळ्यातली 'माती', प्लॅटिनम-पॅलेडियमवाली. आमचा हा कॅट काढणारा गाडीवाला तीच माती दिवसाढवळ्या, चहा पीत, मजुरी देऊन काढून घेतो. निघताना खाली पडलेल्या चुऱ्याकडे बोट दाखवतो, तर गॅरेजवाला घाईघाईने म्हणतो, "राहू द्या हो, कचरा आहे. आम्ही टाकतो."