शाळेचा इतिहास लिहायला घेताय?

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या पालिका शाळेच्या शताब्दीची टूम निघाली आणि स्मरणिकेतला ‘शाळेचा इतिहास’ तुमच्या गळ्यात पडला, तर घाबरू नका. तुमची दोन्ही मुलं आयसीएसईला गेली, हे इतिहासात कुठेच येत नाही.

सुरुवात भारदस्त हवी. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाकडे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, तिथून निघा. १९०७ ला मुंबईतलं प्राथमिक शिक्षण पालिकेच्या हाती द्या. १९११ चं गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणा आणि पुढच्या वर्षी ते पडलं, यावर थोडं हळहळा. मग १९२० चा मुंबई शहरापुरता कायदा आणि १९२५ पासून एफ आणि जी वॉर्डात सक्ती. म्हणजे परळ, नायगाव, वरळी. आपलाच गिरण्यांचा पट्टा. सक्तीच्या कायद्यात पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड असे. आता कोणी पालिकेच्या मराठी शाळेत धाडलंच, तर शेजारी हळूच विचारतात, “काय रे, नोकरी गेली का?” हे मात्र स्मरणिकेत नको.

यापुढचा मजकूर जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीत सापडेल. शाळेत हल्ली सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच. कुणाला जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असते, कुणाला पेन्शनसाठी जन्मतारीख. निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला दिसेल, दचकू नका. आईला आठवत होतं ते एवढंच, की पोरगं पावसाळ्याच्या तोंडाशी झालं. बाकीचं गुरुजींनी भरलं. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात गिरणीतलं ‘साचेखाते’, ‘जॉबर’, ‘बदली कामगार’ असं वाचताना घशाशी काही आलं, तर पाणी प्या. कूलरवर दात्याचं नाव आहे, फोटो काढून ठेवा.

ऐंशीनंतरच्या काळाला अर्धी ओळ पुरे: ‘कालांतराने वस्ती बदलली.’ या तीन शब्दांत १९८२ चा संप, बंद पडलेल्या गिरण्या, विरार-डोंबिवलीला गेलेली बिऱ्हाडं आणि गिरणीच्या जागी उभे राहिलेले टॉवर, सगळं मावतं.

शब्द जपून वापरा. शाळा ‘बंद’ होत नसते, तिचं ‘समायोजन’ होतं. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतात, शिक्षक गेले की पालक काढता पाय घेतात, मग पट आणखी घसरतो. एके दिवशी ‘मराठी शाळा क्र. २’ मुकाट्याने ‘क्र. १’ मध्ये विरघळते आणि कुणाच्या हातून काहीच झालेलं नसतं. पालिका मुलांना देते त्या २७ मोफत शालेय वस्तूंबद्दल भरभरून लिहा. पालिका शाळांच्या आठ भाषामाध्यमांचाही अभिमान बाळगा. ‘मुंबई पब्लिक स्कूल’ची नवी पाटी लागलेल्या पालिकेच्याच शाळांमध्ये सीबीएसईच्या प्रवेशाला लॉटरी काढावी लागते, हे तेवढं टाळा. नाहीतर आपल्याला वावडं पालिकेचं नव्हतं, हे उघड व्हायचं.

आठवणींसाठी वेगळं पान ठेवा. मास्तरांची छडी, पावसात गळणारं छप्पर, अंगठे धरून उभं राहणं. ‘आम्ही मराठी शाळेत शिकलो, पण काही अडलं नाही’ हे वाक्य प्रत्येक लेखात एकदा येऊ द्या. लेखकाच्या नातवाची शाळा कुठली, हे संपादकाने विचारू नये.

शेवटी फोटोसाठी शाळेत जावं लागेल. जूनमध्ये जाऊ नका. त्या दिवसांत मुख्याध्यापिका बाई आणि दोन शिक्षिका चाळीचाळीतून पहिलीची मुलं शोधत असतात. तरी गाठ पडलीच, तर बाई रजिस्टर पुढे ठेवतील, चहा मागवतील आणि विचारतील, “तुमच्या ओळखीत सहा वर्षांचं कोणी आहे का हो?”

तेवढ्यात फोन कानाला लावायचा. आणि निघताना आजोबांच्या नोंदीची साक्षांकित प्रत घ्यायला विसरायचं नाही.