सर, एकदा करून घ्या

गाडीला काहीही झालेलं नसतं, नेमक्या तेव्हाच तिला सर्वांत जास्त उपचार सुचवले जातात. दहा हजार किलोमीटर झाले म्हणून आपण बिचारे तेल बदलायला जातो, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर बोट फिरवत एकेक नाव रुखवतासारखं मांडू लागतो. इंजिन डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, सायलेन्सर कोटिंग, इंटीरियर एनरिचमेंट. शेवटचं ऐकून तर आपल्या गाडीच्या अंतरंगात आजवर काही वैचारिक दारिद्र्य होतं की काय, अशी शंका येते.

हा माणूस वाईट नसतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या डोक्यावर दर गाडीमागे जास्तीची कामं लावण्याचं टार्गेट असतं. महिनाअखेर जवळ आली की त्याला आपल्या इंजिनातला कार्बन बॉनेट न उघडताच दिसू लागतो. त्याच्याशी वाद घालू नये. एवढंच विचारावं: ‘हे मॅन्युअलच्या कुठल्या पानावर आहे?’

मॅन्युअल म्हणजे ग्लोव्हबॉक्समध्ये इन्शुरन्सच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न निघालेलं ते पुस्तक. त्याच्या शेवटाकडे एक तक्ता असतो. वर किलोमीटर आणि महिने, बाजूला सुट्या भागांची नावं, चौकटीत अक्षरं. ‘आर’ (रिप्लेस) असेल तर बदला, ‘आय’ (इन्स्पेक्ट) असेल तर तपासा. काउंटरपर्यंत पोहोचताना बरेच आय वाटेत आर होतात, आणि माझ्या मते बिलातली निम्मी सूज तिथूनच येते. एअर फिल्टर हे ठळक उदाहरण. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तो दर सर्व्हिसला झटकून तपासायचा आणि चाळीस हजारांच्या आसपास बदलायचा असतो. क्लिपा उघडून उजेडासमोर धरला आणि घड्यांमधून उजेड आरपार आला, की त्याला परत घरी पाठवावं.

तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप मात्र आपल्या विरोधात जाते. ‘खडतर वापर’ असेल तर मुदत कमी, असं ती सांगते, आणि खडतर म्हणजे आपल्याला लडाख आठवतं. कंपनीच्या लेखी धुळीचा रस्ता आणि दोन किलोमीटरवरच्या शाळेची रोजची फेरी हेही खडतरच. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. तेलात उतरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, तेल पातळ होतं. तेव्हा किलोमीटर भरले नसले तरी वर्ष झालं की तेल बदलायचंच. इथे काटकसर नको.

तेलाचं गणित मात्र पाहावं. छोट्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट तीन-साडेतीन लिटर तेल मावतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बिलात चार लिटर लागले असतील तर उरलेलं तेल आपल्या डिकीत हवं. ते इंजिनातच ओतलं असेल तर आणखी वाईट. पातळी फार वर गेली की इंजिनाच्या तळाशी फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ड्रेन प्लगचा, म्हणजे जुनं तेल सोडायच्या बोल्टचा, वॉशर नवा लावायला सांगावं. काही रुपयांची ही चकती वाचवली की पार्किंगमध्ये रोज एक काळा ठिपका पडू लागतो. आणि वेळेवर तेल बदललेल्या इंजिनाला फ्लशची, म्हणजे आतून धुण्याची, गरज नसते.

आता डीकार्बनायझिंग, म्हणजे इंजिनातला कार्बनचा थर काढणं. यात बरंच नाट्य असतं. नळी लावतात, फेस सोडतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि ॲडव्हायझर ‘बघा, किती घाण होती’ या नजरेने आपल्याकडे पाहतो. त्या धुरात बराचसा भाग आत्ताच ओतलेल्या औषधाचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जातं. त्यामुळे व्हॉल्व्ह येता-जाता धुतला जातो आणि कार्बन फारसा साठत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत व्हॉल्व्हला हे स्नान घडत नाही. तिथे थर खरोखर साठतो. पण तो खरवडायचा तर हवेच्या नळ्यांचा जुडगा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारतात. एवढं काम चहा संपेपर्यंत होत नाही. टाकीत ओतायच्या बाटलीचाही या थराला उपयोग नाही, कारण ते पेट्रोल व्हॉल्व्हकडे जातच नाही. गाडी नीट ओढते, ॲव्हरेज पडलेलं नाही, चेक इंजिनचा दिवा बंद आहे, तर फेस नको.

थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, थोडी सहानुभूती दाखवावी. सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा वर-खाली होत असेल, तर ती साफ करणं रास्त. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर नंतर स्कॅनर लावून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं. ते राहिलं, तर न धुता बरी चालणारी गाडी धुतल्यावर अडखळू लागते.

एसीच्या गॅसबद्दल मला जरा जास्तच राग आहे. ‘सर, दोन वर्षं झाली, गॅस टॉप-अप करू?’ गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. छोट्या गाडीत सगळा मिळून अर्धा किलोच्या आत-बाहेर असतो. चांगलाच कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात हाच संवाद पुन्हा. गार हवा कमी येते तेव्हा आधी केबिन फिल्टर पाहावा. ग्लोव्हबॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं झाकण काढून फिल्टर ओढायचा. त्यात पिंपळाची पानं, केस आणि एखादा मृत डास निघतो. नवा बसवताना बाणाची दिशा जुन्यासारखी ठेवायची. बहुतेक गाड्यांत हे घरी होतं, त्यासाठी मजुरी मोजणं जिवावर यावं. कुबट वास येत असेल तर पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतली कॉइल वाळते.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणी आग्रहाने विकत नाही, कारण तिच्यात फेस नाही, वास नाही, चमक नाही. ब्रेक फ्लुइड. हे द्रव्य हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ या प्रकारच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरलेला चालतो, असं मानकच सांगतं. पुण्याच्या सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पण पाच माणसं, सामान आणि फणस घेऊन आंबा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली, तर कॅलिपरमधलं (चाकाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं) ते पाणी उकळतं. वाफ दाबली जाते, पण ब्रेक दाबत नाही. पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी किंवा चाळीस हजारांना ते पूर्ण बदलतात. अर्धा ते एक लिटर लागतं, चारही चाकांतून जुनं काढून नळ्यांतली हवा घालवावी लागते. ‘लेव्हल कमी होती, टॉप-अप केलं’ हे बदलणं नव्हे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, म्हणून पातळी थोडी उतरते. वरून भरलं तर झीज झाकली जाते, आणि नवे पॅड बसवताना तेच फ्लुइड उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खातं. उतरताना खालचा गिअर टाकावा, हे फुकट आहे.

तसाच दुसरा न विकला जाणारा भाग टायमिंग बेल्ट, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा. तो सगळ्याच गाड्यांत नसतो, अनेकांत चेन असते. पण रबरी बेल्ट असेल तर तक्त्यातली मुदत पाळावीच. तो तुटला की पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात, आणि ती भेट फार खर्चिक असते.

अंडरबॉडी कोटिंगचं उत्तर पत्त्यावर ठरतं. गाडी मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात राहत असेल तर विचार करण्यासारखं. सोलापुरात नाही. लावलंच तर धुऊन, पूर्ण वाळवून, आणि दारांच्या व सिलच्या (दाराखालच्या उंबरठ्याच्या) तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवून. ती काळ्या थराखाली बुजली की पाणी आतच राहतं, आणि गंज रोखायला दिलेल्या पैशात आपण गंज पाळतो.

चाकांची अलाइनमेंट, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर जरूर. टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनबद्दल एवढंच, की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो आणि पंपावर बहुधा फुकट मिळतो.

नकार दिला की शेवटचं अस्त्र येतं, ‘वॉरंटी जाईल सर.’ कोटिंग नाकारल्याने इंजिनाची वॉरंटी जात नाही. तक्त्यातली कामं चुकवली आणि त्यामुळेच बिघाड झाला, तर प्रश्न येतो. बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही त्यात बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण वॉरंटीच्या काळात बिलं जपून ठेवावीत, हे बरं.

जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी ‘मंजूर कामांव्यतिरिक्त काहीही करू नये, जुने पार्ट परत द्यावेत’ असं स्वतःच्या हाताने लिहावं. संध्याकाळी बिल आलं की ‘कंझ्युमेबल्स’ या ओळीवर बोट ठेवून थांबावं. कापूस, कापड, ग्रीस असं काहीतरी उत्तर येतं, आणि रक्कम मात्र अख्ख्या गिरणीची असते. किल्ली देताना ॲडव्हायझर हळूच म्हणतो, ‘सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी मला नापास धरतात.’ ती ओळ कमी करून घ्यायची वेळ हीच.