प्रशासकाच्या काळात पुणे चाललं, पण जाब कुणाला विचारायचा होता?

‘जवळपास चार वर्षं महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. नळाला पाणी आलं, कचरा उचलला गेला, पूल उभे राहिले. मग निवडणूक हवी कशाला? प्रशासकच बरा. वॉर्ड, आरक्षणं, गल्लोगल्लीचे पुढारी यांनी देश तुटतो. राष्ट्राला एकच खंबीर हात लागतो.’ अशा आशयाचा मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर बरेच दिवस फिरतोय. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन सभागृह भरलं, तरी तो थांबलेला नाही. पुढे पाठवणारे बहुतेक जण नेमाने कर भरणारे, शहराची काळजी असणारे लोक आहेत. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘काम थांबलं नाही’ हा पहिला दावा. काम थांबणार नव्हतंच. पाणी सोडणारे, झाडणारे, रस्ते करणारे कर्मचारी नगरसेवक असतानाही तेच होते आणि नसतानाही तेच. थांबली ती विचारणा. महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, सोळा जणांची स्थायी समिती ते तपासते, त्यात बदल करते आणि मुख्य सभा मंजूर करते. १५ मार्च २०२२ पासून आयुक्तच प्रशासक झाले. मांडणारा तोच, तपासणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६०० कोटींच्या वर होतं. एवढा पैसा कुठल्या रस्त्याला गेला, कुठल्या वस्तीला मिळाला नाही, हे भर सभेत उभं राहून विचारणारा एकही माणूस तेव्हा नव्हता. या काळात तीन आयुक्त होऊन गेले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण त्यांतल्या एकालाही पुणेकरांनी निवडलं नव्हतं आणि एकालाही पुणेकर घरी पाठवू शकत नव्हते.

याचा सगळ्यात मोठा भार पडला तो समाविष्ट गावांवर, आणि त्या मजकुरात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. जून २०२१ मध्ये वाघोली, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला अशी २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, सरपंच गेले. नऊ महिन्यांत सभागृहाची मुदतही संपली. म्हणजे मिळकतकराची बिलं सुरू झाली, पण तक्रार घेऊन जायला ना सरपंच, ना नगरसेवक. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा रुग्ण सापडले ते मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे यांतल्याच नांदेड, किरकटवाडीसारख्या गावांत, आणि चर्चा होती पाण्याच्या शुद्धतेची. नगरसेवक असते तर साथ आलीच नसती, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या विहिरीचं पाणी शुद्ध न होताच घरात येतंय, हे साथीच्या आधी सभागृहात ओरडून सांगण्याची जागा त्या गावांना असायला हवी होती. ज्यांच्या सोसायटीत पाणी नीट आलं त्यांना शहर चाललेलं दिसलं.

‘निवडणूक कोर्टामुळे लांबली, त्यात कुणाचा दोष?’ हा दुसरा दावा. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरं. पण राज्य सरकारांनीही प्रभागरचना आधी तीनसदस्यीय (एका प्रभागातून तीन नगरसेवक), मग पुन्हा चारसदस्यीय केली. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. त्याच काळात, २०२४ मध्ये, लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका वेळेवर झाल्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला.

आता राष्ट्राचा मुद्दा. मला तो सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो पुण्यात बसून केला जातो. या शहरात राष्ट्र ही कल्पना रुजली तीच प्रतिनिधित्वाच्या मागणीतून. २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचं सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तुम्ही कुणाच्या वतीने बोलता, हा पहिला प्रश्न होता. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, स्थापनेआधी पंधरा वर्षं हे पुण्यात घडत होतं.

आणि खंबीर हाताचा अनुभवही याच शहराने घेतलाय. १८९७ च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या समितीच्या हाती अधिकार आले. साथ रोखण्याची गरज खरी होती. पण गोरे सोल्जर घरात शिरून झडती घेत होते आणि लोकांच्या तक्रारींना वजन नव्हतं. तो संताप कुठवर गेला, हे चापेकरांच्या शहराला सांगायला नको.

त्याच पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा विरोधात उभे राहिले ते एकटे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव अडला नाही, पण विरोधाची नोंद झाली आणि आपण आजही ती सांगतो. गोपाळ कृष्ण गोखले पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि त्याच काळात केंद्रीय कायदेमंडळात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करत होते. शिलकी अंदाजपत्रक दाखवता आणि गरिबाच्या मिठावर कर घेता, हे १९०२ मध्ये व्हाइसरॉयसमोर बोलून दाखवण्याने राष्ट्र तुटलं नाही, उभं राहिलं. आरक्षणाचंही तेच. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. निम्मं शहर सभागृहात बसल्याने कुठला देश तुटतो, हे दावा करणाऱ्यांनी सांगावं.

उरला भ्रष्टाचार. इथे मजकूर लिहिणाऱ्यांचा राग रास्त आहे. ठेकेदारी, फ्लेक्स, टक्केवारी आपण सगळे बघत आलोय. पण प्रशासकाच्या काळात टक्केवारी बंद झाली, असं त्या मजकुरातही कुणी लिहिलेलं नाही. फरक इतकाच पडला की ती उघड करण्यात ज्याचा राजकीय फायदा, तो विरोधी नगरसेवकही सभागृहात उरला नाही. रोग असलाच तर तो प्रभागरचनेत आहे. १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून, बहुतेक ठिकाणी चार-चार. रस्ता खचला की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. राग तिथे काढूया. एक वॉर्ड, एक नगरसेवक ही मागणी करूया, आणि आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे, ते विचारूया.